चौदा रात्रींचं लॉज आणि बाबांचा हिशोब

स्वस्तातलं लॉज बुक करताना तुम्ही आधी काय बघता? खरं सांगा. फोटो, मग भाडं, मग चांदण्या. मीही तेच केलं होतं. पुण्यातल्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, डब्यातली भेंडी संपेपर्यंत मी चेन्नईतलं लॉज ठरवून मोकळी झाले होते. ७९९ रुपये, पांढरीशुभ्र चादर, उशीवर एक गुलाबाचं फूल. आईला फोटो पाठवला तर तिचा उलट प्रश्न आला, ‘संडास कसला आहे?’ तेव्हा मला हसू आलं होतं.

गोष्ट अशी की बाबांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध बारीक छिद्र पडलं होतं. सरळ रेघ त्यांना वाकडी दिसायची आणि माणसाच्या चेहऱ्यात नाकाच्या जागी धुरकट डाग. सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा डोळा चेन्नईच्या शंकर नेत्रालयात वाचला होता, त्यामुळे बाबांच्या मनाने चेन्नईच घेतली. हे रुग्णालय डॉ. एस. एस. बद्रीनाथ यांनी १९७८ साली सुरू केलं आणि देशभरातून लोक तिथे येतात. आमचा बेत साधा होता. रेल्वेने जायचं, तपासणी करायची, गरज पडली तर ऑपरेशन उरकायचं आणि विमानाने पुण्याला यायचं. चार रात्री पुरेत, असं मी ठरवून टाकलं होतं. राहिलो चौदा.

म्हणून हा लेख. तुम्ही चेन्नईला फिरायला जा, परीक्षेला जा, मुलाखतीला जा नाहीतर आमच्यासारखं दवाखान्यासाठी जा, स्वस्त खोलीची किंमत मोजायची कशी ते मी तिथे शिकले. शिकवणारे बाबाच होते. ते तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. मुक्कामी गाडी म्हणजे काय हे शहरातल्या मुलांना माहीत नसेल. रात्रीची शेवटची गाडी शेवटच्या गावात थांबते आणि पहाटे तीच परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टर मग देवळात, शाळेच्या ओट्यावर नाहीतर गाडीच्या टपावर झोपतात. अशा शेकडो रात्रींतून बाबांनी एक फूटपट्टी तयार केली आहे. पाणी, आडोसा आणि कडी. पाणी आहे का, आडोसा आहे का, आतून कडी लागते का. बाकी सगळं त्यांच्या लेखी ‘वरची फोडणी’.

गुलाबाचं फूल

१४ डिसेंबरच्या संध्याकाळी सामान घेऊन आम्ही त्या ७९९च्या लॉजच्या काउंटरवर उभे राहिलो. काउंटरवरच्या मुलाने माझ्या मोबाइलकडे बघितलं आणि मान हलवली. ॲपवरचं बुकिंग आमच्याकडे आलेलं नाही, आता खोली हवी तर १,४०० रुपये. तीही तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. मी ॲपच्या हेल्पलाइनला फोन लावला, तिथे बराच वेळ नुसतं संगीत वाजत राहिलं. बाबा वर जाऊन खोली बघून आले. म्हणाले, ‘कडी आहे. पण कडी अडकवायचं भोक मोठं झालंय, बाहेरून ढकललं की निघते.’ फुलाबद्दल ते काही बोलले नाहीत. फूल नव्हतंच.

पैसे परत मिळाले, पण दहा दिवसांनी. तेव्हा पहिली गोष्ट, ॲपवर बुकिंग झालं की त्याच दिवशी लॉजच्या नंबरवर स्वतः फोन करा आणि नाव, तारीख, मजला विचारून घ्या. फोन उचलतच नसतील तर तेही उत्तरच समजा. आणि आजारी माणूस सोबत असेल तर आगाऊ पैसे एकाच रात्रीचे भरा. पुढच्या रात्री खोली बघितल्यावर.

तिथून रिक्षा करून आम्ही ग्रीम्स रोडच्या बाजूला गेलो. चेन्नईचा हा भाग तुम्ही बघितला नसेल तर थोडं सांगते. १९८३ साली इथे अपोलो रुग्णालय सुरू झालं आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत लॉज उगवत गेली. पेशंट बंगालमधून, ईशान्येतून, बांगलादेशातून येतात, म्हणून पाट्या तमिळ आणि इंग्रजीबरोबर बंगालीतही असतात. मासे-भाताच्या खाणावळी आहेत. काउंटरवरची माणसं कामापुरती हिंदी आणि बंगाली बोलतात. म्हणजे हिंदी न चालणाऱ्या शहरात हिंदी चालणारं हे एक बेट आहे. नेत्रालय इथून साधारण किलोमीटरभर. पाटी वाचताना एक लक्षात ठेवा. आपल्याकडच्यासारखंच तिकडेही ‘हॉटेल’ म्हणजे बहुतेकदा खायची जागा. राहायचं असेल तर ‘लॉज’ नाहीतर ‘रेसिडेन्सी’ शोधायचं. ट्रिप्लिकेनमध्ये ‘मॅन्शन’ अशा पाट्या दिसतील. नाव भारदस्त आहे, पण ती एकट्या नोकरदार पुरुषांसाठीची महिनेवारी खोल्यांची वसतिगृहं. आई-बाबांना घेऊन तिथे जाऊ नका.

तिसऱ्या लॉजमध्ये आम्हाला पहिल्या मजल्यावरची खोली मिळाली. भाडं १,१५० रुपये अधिक जीएसटी. लिफ्ट होती, तीन माणसं उभी राहिली तर दार लागताना पोट आत घ्यावं लागेल एवढी. मॅनेजर साठीचे, कपाळावर विभूतीचे पट्टे, खिशात दोन पेनं. आम्ही दारात दिसताच ते म्हणाले, ‘वांगा, वांगा!’ आईने माझ्याकडे बघितलं. तमिळमध्ये ‘वांगा’ म्हणजे ‘या’. आईने पुढचे चौदा दिवस त्यांचा उल्लेख ‘वांगेवाले अण्णा’ असाच केला. अण्णा हा शब्द मात्र दोन्हीकडे एकच, त्यामुळे तोंडावर हाक मारायला अडचण आली नाही.

भाडं म्हणजे किंमत नव्हे

आता थोडं आकड्यांचं बोलू, कारण इथेच बहुतेक लोक फसतात. मीही फसणार होते.

वडपळनीला एक खोली ७५० रुपयांत मिळत होती. म्हणजे दिवसाला ४०० रुपये वाचले असते. बाबांनी रिक्षात बसल्याबसल्या हिशोब मांडला. तिथून नेत्रालयात एका वेळचे रिक्षाचे १७० रुपये. दिवसात दोन फेऱ्या धरा, एक पेशंटला घेऊन आणि एक रिपोर्ट, औषधं, राहिलेला कागद यासाठी. जाऊन-येऊन चार वेळा, ६८० रुपये. खोली धरून झाले १,४३०. इकडे खोली १,१५० आणि बाबांना घेऊन जायचं-यायचं ६० प्रमाणे १२०. बाकीचं पायी. झाले १,२७०. ‘स्वस्त कुठली?’ त्यांनी विचारलं. तीस वर्षं टप्प्यांचे पैसे मोजलेल्या माणसापुढे मी काय बोलणार.

रिक्षाचं म्हणाल तर तमिळनाडू सरकारने २०१३ साली चेन्नईसाठी मीटरचे दर ठरवले होते, पहिल्या १.८ किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १२. त्या दरात कुणी नेईल अशी आशा ठेवू नका. ॲपवरचा दर बघायचा आणि मग बोलायचं. तुम्ही धडधाकट असाल तर मेट्रोचा विचार करा. निळ्या मार्गावर सेंट्रल, गव्हर्न्मेंट इस्टेट, एलआयसी, थाउजंड लाइट्स अशी स्थानकं ओळीने आहेत आणि तोच मार्ग विमानतळापर्यंत जातो. स्थानकापासून चालत जाता येईल असं लॉज थोडं महाग असलं तरी परवडतं.

दुसरी गोष्ट वेळेची. चेन्नईतली बरीच जुनी लॉज चोवीस तासांच्या हिशोबाने चालतात. तुम्ही संध्याकाळी साडेसहाला आत गेलात तर तुमचा दिवस दुसऱ्या दिवशी साडेसहाला संपतो. नव्या आणि ॲपवाल्या ठिकाणी मात्र दुपारी बारा म्हणजे बारा. आमची परतीची गाडी संध्याकाळची होती. बाराचा नियम असता तर ऑपरेशन झालेल्या माणसाला घेऊन अर्धा दिवस स्टेशनच्या बाकावर काढावा लागला असता, नाहीतर आणखी एका दिवसाचं भाडं द्यावं लागलं असतं. काउंटरवर भाड्याच्याही आधी हा प्रश्न विचारा.

करही विचारा. २०२२च्या जुलैपर्यंत हजार रुपयांच्या आतल्या खोलीवर जीएसटी नव्हता, मग १२ टक्के लागला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर तो ५ टक्के झाला आहे. कुणी अजून १२ टक्के लावत असेल तर नम्रपणे बिल मागा. ओळखपत्राची प्रत द्यावी लागते. पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड’ आधार डाउनलोड करून तेच दाखवून बघा. मूळ कार्ड मात्र काउंटरच्या ड्रॉवरमध्ये सोडून येऊ नका.

आणि पाणी. बाबांच्या फूटपट्टीवरची पहिली खूण. चेन्नईत आंघोळीचं पाणी बऱ्याच ठिकाणी बोअरचं, खारट. साबणाला फेस येत नाही, केस काथ्यासारखे होतात. पिण्यासाठी वीस लिटरचा कॅन घ्यायचा. २०१९च्या उन्हाळ्यात या शहराचे तलाव आटले होते आणि जूनमध्ये घागरींच्या रांगांचे फोटो जगभर छापून आले होते. ते आठवत असेल तर तिथली माणसं पाण्याच्या बाबतीत इतकी मोजकी का वागतात ते कळतं. आमच्या लॉजवर गरम पाणी सकाळी सहा ते आठ. त्यानंतर बादलीला वीस रुपये. खोली बघायला जाल तेव्हा पलंगावर बसून बघण्याआधी नळ सोडून बघा, फ्लश ओढून बघा आणि गादी उचलून शिवणीत ढेकणांचे काळे ठिपके आहेत का बघा. मॅनेजरला राग येत नाही. आला तर ती खोली घेऊ नका.

मान खाली

तपासणी १५ आणि १६ तारखेला झाली. ऑपरेशनसाठी १८ तारीख मिळाली. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं, ते मला जसं समजलं तसं सांगते. डोळ्याच्या आतला जेलीसारखा भाग काढतात आणि त्याजागी गॅसचा बुडबुडा भरतात. हा बुडबुडा गवंड्याच्या लेव्हलच्या नळीतल्या बुडबुड्यासारखा, नेहमी वरच्या बाजूला जाणारा. पडदा डोळ्याच्या मागच्या बाजूला असतो. तेव्हा बुडबुड्याने पडद्यावरचं छिद्र दाबून धरायचं असेल तर माणसाने तोंड जमिनीकडे ठेवायला हवं. बसताना, जेवताना, झोपताना. किती दिवस ते प्रत्येकाचे डॉक्टर ठरवतात. बाबांना सात दिवस सांगितले.

आणि विमान नाही. गॅस पूर्ण विरेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, नाही. वर गेल्यावर हवेचा दाब कमी होतो, बुडबुडा फुगतो आणि डोळ्यातला दाब इतका वाढू शकतो की नजर जाईल. सोलापूरपर्यंत रेल्वेने जायला डॉक्टरांनी पुढच्या तपासणीनंतर परवानगी दिली. माझी तीन विमानाची तिकिटं गेली. परत मिळालेल्या रकमेत एक मसाला डोसा आला असता.

म्हणजे बघा, ऑपरेशन दीड तासाचं आणि त्याच संध्याकाळी घरी सोडतात. पण घर बाराशे रुपये आणि एक रेल्वे दूर. पुढचे सात दिवस आमचा वॉर्ड म्हणजे लॉजची ती खोली. तिचे गुणदोष मला खरे दिसले ते १८ तारखेच्या रात्री. पलंगाच्या पायथ्याला फळी होती, त्यामुळे डोकं पलंगाबाहेर काढून पालथं झोपता येईना. टेबल भिंतीत ठोकलेलं, बसून त्यावर कपाळ टेकावं तर खुर्ची उंच. संडास पाश्चात्त्य पद्धतीचा होता, आईच्या त्या प्रश्नाचं उत्तर. मान खाली घालून उकिडवं बसून उठायचं म्हणजे बाबांना चक्कर आली असती. मी पुण्यात हसले होते ते आठवून मला ओशाळल्यासारखं झालं.

रात्री दहाला मी खाली जाऊन अण्णांना विचारलं, जरा वेगळं टेबल मिळेल का. त्यांना ‘मान खाली’ हे मला खाणाखुणांनी सांगावं लागलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, ‘गॅस?’ मी हो म्हटलं. पाच मिनिटांत मुलगा एक बुटकं लाकडी बाक घेऊन वर आला. त्याच्या मधोमध करवतीने गोल कापलेलं भोक होतं, कडेला जुन्या टॉवेलची गुंडाळी खिळ्यांनी ठोकलेली. कपाळ आणि हनुवटी टेकवायची, नाक-डोळे भोकात. आधीच्या कुठल्यातरी पेशंटच्या मुलाने हे बनवून घेतलं होतं आणि जाताना ठेवून गेला होता. त्याचं भाडं नव्हतं. लॉजच्या कुठल्याही फोटोत ते बाक नाही, ॲपवर सुविधांच्या यादीत टीव्ही आहे, वायफाय आहे, बाक नाही.

नंतर मी असंही ऐकलं की दवाखान्याजवळच्या लॉजमध्ये अशा वस्तू पडून असतात, फक्त विचारावं लागतं. चाकाची खुर्ची, कमोडची उंच सीट, शेगडी. काही ठिकाणी भाड्याने भांडीकुंडी आणि स्वयंपाकाची सोयही मिळते. तुम्ही पेशंट घेऊन जात असाल तर आजाराचं नाव काउंटरवर सांगा. लाजू नका, त्यांनी तुमच्याआधी शंभर पेशंट बघितलेले असतात.

त्या सात दिवसांत बाबांना जग म्हणजे फरशी. आई त्यांच्यापुढे जमिनीवर बसून बोलायची. त्यांना चमच्याने वरणभात भरवायची. आम्ही सोलापूरहून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणली होती, ती दोन्ही वेळा तारून न्यायची. अण्णांना चटणी दिली तर त्यांनी बोटाने चाखली आणि म्हणाले, ‘पोडी!’ तेल घालून इडलीबरोबर खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी कागद घेऊन पुन्हा आले. मी मात्र एक-दोनदा अम्मा उणवगममध्ये जाऊन आले. २०१३ साली सुरू झालेली ही सरकारी खाणावळ, तेव्हा इडली एक रुपया, सांबारभात पाच आणि दहीभात तीन रुपये असे दर ठरले होते. स्टीलची थाळी, उभ्याने खायचं, रांगेत हमालापासून नातेवाइकांपर्यंत सगळे. बाहेर महिन्याच्या पगाराची चिंता डोक्यात घेऊन उभी असताना ते गरम अन्न पोटात गेलं, त्याची चव मी विसरणार नाही.

मार्गळी महिना लागला होता. आपला मार्गशीर्ष-पौष म्हणा. पहाटे आई मागच्या गल्लीत उभी राहायची. बायका अंगण झाडून, पाणी शिंपडून तांदळाच्या पिठाचे कोलम काढायच्या, दारापुढे घर करणाऱ्या ठिपक्यांभोवती एकच रेघ फिरवत. चौथ्या दिवशी एका आजीने आईच्या हातात पीठ दिलं. आई परत आली ती हात न धुता. बाबांच्या डोळ्यांखालच्या फरशीवर तिने बोटातल्या उरलेल्या पिठाने लहानसा कोलम काढला. ‘दिसतंय का?’ ‘डाव्याने दिसतंय. ही रेघ सुटलीय इथं.’ सुटली होतीच.

खोली कुणाची

२४ तारखेला सकाळी अण्णा वर आले, तेव्हाच त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. आमची खोली आजपासून दुसऱ्यांची. दर डिसेंबरात बंगालहून येणाऱ्या एक बाई, हृदयाच्या पेशंट, महिनाभर आधी फोन करून पहिला मजला ठरवलेला. मी फक्त चार रात्री लिहिल्या होत्या आणि मग रोज एक-एक दिवस वाढवत गेले होते. रिकामी खोली तिसऱ्या मजल्यावर. रात्री दहानंतर लिफ्ट बंद.

मी भांडले. इंग्रजीत भांडले, म्हणजे जास्तच भांडले. पेशंटला असं कसं हलवता, माणुसकी आहे की नाही, रेटिंग देईन. अण्णा शांतपणे म्हणाले, त्या बाईपण पेशंट आहेत. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर चूक माझी होती. मुक्काम वाढणार हे १६ तारखेलाच कळलं होतं, तेव्हाच वहीत सरसकट तारीख लिहून घ्यायला हवी होती. मी दिवस-दिवस करत राहिले कारण पूर्ण रक्कम आगाऊ द्यायची नव्हती.

शेवटी तोडगा निघाला तो पहिल्या मजल्यावरच राहणाऱ्या एका औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या जिवावर. तरुण मुलगा, धडधाकट पाय. तो तिसऱ्या मजल्यावर जायला तयार झाला, पण रोज शंभर रुपये कमी करा म्हणाला. ते शंभर आमच्या बिलात आले, तीन रात्री. त्याच्या खोलीत बंगालच्या बाई आल्या. त्या मुलाने नंतर जिन्यात भेटल्यावर आमच्याकडे बघितलंही नाही. मला त्याचं वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त हायसं वाटलं, हे कबूल करते.

त्या रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर वाचत बसले आणि एक जुना धागा हाती लागला. तंजावरच्या मराठा राजांनी रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रं बांधली होती. छत्र म्हणजे धर्मशाळा. दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबाळच्या नावाने बांधलेलं छत्र ओरत्तनाडूला अजून उभं आहे. १८०१ साली सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या छत्रांचं वर्णन आहे. कुठल्याही जातीच्या वाटसरूला जेवण, तान्ह्या मुलांना दूध, वाटेत आजारी पडलेल्याला बरं होईपर्यंत राहायला जागा आणि वैद्य. बाळंतीण झाली तर तिचीही सोय. भाडं नाही. याच सरफोजींना डोळ्यांच्या उपचारांत रस होता, त्यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांचे कागद आणि डोळ्यांची रंगीत चित्रं तंजावरच्या सरस्वती महालात जपून ठेवली आहेत. मी बाबांना हे वाचून दाखवलं. ते बाकाच्या भोकातून म्हणाले, ‘राजाला परवडतं. अण्णांना विजेचं बिल येतं.’

बिल

२५ला मान वर करायची परवानगी मिळाली, २७ला पुढच्या तपासणीत छिद्र बुजतंय असं डॉक्टर म्हणाले. नजर किती येईल ते कळायला काही महिने. २८ला संध्याकाळची गाडी.

साडेचारला मी काउंटरवर बिल घेतलं. चौदा दिवस, १,१५० प्रमाणे १६,१००. जीएसटी ८०५. जादा गादी ६००. खोली बदलल्याचे ३००. एकूण १७,८०५. मी कार्ड पुढे केलं तेवढ्यात बाबांनी कागद ओढून घेतला. डाव्या डोळ्याने, नाकाजवळ धरून वाचला.

‘गादी दीडशे रुपये रोज. चौदा दिवस. एकवीसशे व्हायला पाहिजेत. हे सहाशे लावलेत.’

मी त्यांना कोपराने ढोसलं. व्यर्थ. ज्या माणसाने तीस वर्षं रोज रात्री पैशाची पेटी आणि तिकिटांचा हिशोब जुळवला त्याला आपल्या बाजूने झालेली चूकही चूकच वाटते. त्यांनी अण्णांना बोटांवर मोजून दाखवलं. अण्णांनी वही उघडली, चष्मा कपाळावर चढवला आणि पहिल्या चार तारखांवर बोट ठेवलं. पुढच्या तारखांवर रेघ मारलेली होती. १८ तारखेपासून. त्यांनी वही मिटली आणि रिक्षा बोलवायला पोराला हाक मारली.

रिक्षेत बसायच्या आधी बाबांना खोलीत चष्म्याचं घर राहिल्याची आठवण झाली. मी आणते म्हटलं तर तेच लिफ्टने वर गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी मागोमाग गेले. ते खोलीच्या मधोमध उभे होते. भिंती पिस्ता रंगाच्या, कोपऱ्यात ओल, वर निळा पंखा, खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीचे पाइप. पहिले तीन दिवस ते इथे दिवसाउजेडी फारसे थांबलेच नव्हते आणि नंतर फरशीच.

‘एवढीशीच आहे होय,’ ते म्हणाले. मग खाली बघून त्यांनी पायाने एक फरशी दाखवली. ‘ही बघ, ही तडकलेली. पलंगापासून सहावी. अण्णाला सांग, पाणी मुरेल तिच्यात.’

मी जाताना सांगितलं. अण्णांनी वहीत लिहून घेतलं.